वाचकांचे प्रश्न : श्रीखंडे यांचे गणित कोणते?

प्रश्न : एम.एस्सी.च्या अभ्यासात ‘श्रीखंडे ग्राफ’ आला आणि नाव मराठी दिसल्याने कुतूहल वाटले. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांना बीजगणिताचे संशोधक म्हणावे की कॉम्बिनेटोरिक्सचे? त्यांनी ऑयलरचे म्हणणे खोटे ठरवले, म्हणजे नेमके काय केले?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : कॉम्बिनेटोरिक्सचे, म्हणजे वस्तूंच्या मांडणीचे आणि मोजणीचे, पण त्यांची हत्यारे बरीचशी बीजगणितातली होती. जन्म १९१७ चा, सागरचा. नागपुरात अध्यापन, १९५० मध्ये अमेरिकेत चॅपल हिल येथे गणिती राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी., पुढे बनारस आणि मुंबई विद्यापीठ. २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अठराव्या शतकातील स्विस गणिती ऑयलरचा प्रश्न असा : ६ पलटणींतून ६ हुद्द्यांचे एकेक असे ३६ अधिकारी चौरसात उभे करायचे, पण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच यायला हवा. हे अशक्य आहे, इतकेच नव्हे तर १०, १४, १८, २२ अशा सर्व संख्यांसाठीही अशक्य आहे, असा तर्क त्याने १७८२ मध्ये छापून मांडला. ६ बाबत तो बरोबर होता.

३ साठी मात्र हे कोणालाही वहीत करून पाहता येईल. ओळींना आणि स्तंभांना ०, १, २ असे क्रमांक द्यावेत; ओळ ‘क’ आणि स्तंभ ‘ख’ यांच्या घरात क + ख आणि क + २ख यांना ३ ने भागून उरणाऱ्या बाक्या लिहाव्यात; पहिला अंक पलटणीचा, दुसरा हुद्द्याचा. पहिल्या ओळीत ००, १२, २१ येते, दुसरीत ११, २०, ०२ आणि तिसरीत २२, ०१, १०. नऊच्या नऊ जोड्या वेगळ्या. मूळ संख्या किंवा तिचा घात असेल, तर तितक्या घटकांचे सांत क्षेत्र (बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार चालतील असा मर्यादित संच) असते आणि हीच युक्ती चालते (अपवाद फक्त २ चा). १० किंवा २२ घटकांचे क्षेत्रच नाही. तेथे ही बीजगणिती युक्ती हात टेकते.

बोस आणि श्रीखंडे यांनी २२ ची वाट काढली, ती मला आजही फार देखणी वाटते. इंग्रज गणिती कर्कमनचे जुने कोडे पाहा : १५ मुली ७ दिवस तिघी-तिघींच्या गटांत फिरायला जातात आणि कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एका गटात येतात. आता ७ दिवसांनाही वस्तू मानून प्रत्येक तिकडीत तिचा दिवस घालावा. चौघांचे ३५ गट झाले. सात दिवसांचा मिळून आणखी एक गट. १५ आणि ७ मिळून २२ वस्तू, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन नेमक्या एकाच गटात! ४ आणि ७ यांची क्षेत्रे असल्याने प्रत्येक गटापुरते असे चौरस तयार करता येतात, ज्यांच्या कर्णावर प्रत्येक वस्तू स्वतःशीच जोडलेली असते. ते एकमेकांत बसवले की २२ चा चौरस पुरा होतो. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा चौरस दिला, आणि २ व ६ सोडून कोठेही ऑयलरचा तर्क टिकत नाही हे तिघांनी मिळून सिद्ध केले. १९५९ च्या एप्रिलमध्ये ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली, गणिताच्या वाट्याला असे पान क्वचितच येते.

तुमचा ग्राफही, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे, १९५९ चाच. चार बाय चारच्या पटावर हत्ती ज्या घरांतून एका चालीत एकमेकांकडे जाऊ शकतो ती जोडली, तर प्रत्येक घराला ६ शेजारी आणि कोणत्याही दोन घरांना २ सामाईक शेजारी मिळतात. हेच आकडे असणारा, पण रचनेने निराळा असा दुसरा एकच ग्राफ आहे, आणि तो श्रीखंडे यांचा. दोघांतला फरक तुम्हाला कागदावर पाहता येईल : हत्तीच्या ग्राफमध्ये एखाद्या घराचे सहा शेजारी आपापसांत जोडले की दोन सुटे त्रिकोण होतात, श्रीखंडे यांच्या ग्राफमध्ये एक षटकोन.