गाडीचं विचारा : घाटीवर एकच चाक फिरतंय, लॉकर टाकू का?

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९७२ ची अँबॅसेडर मार्क टू आहे. नुसती झाकून ठेवलेली नाही, बाजारात, कणकवलीला, कधी फोंडाघाट चढून कोल्हापूरला पण जाते. पाऊस लागला की रस्त्यावरनं खळ्यात यायच्या जांभ्याच्या घाटीवर मागचं डावं चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि उजवं हलतच नाही. चुलतभाऊ म्हणतो लॉकर टाक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधली जातील, गॅरेजवाला म्हणतो एलएसडी, म्हणजे एकाच चाकाच्या नुसत्या फिरण्याला आवर घालणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. काय करू?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : लॉकर नको. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही ही गाडी पावसात घाटात नेताय.

तुमचं आत्ताचं साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गियरचा संच, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे शेवाळावरचं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही, मग ते भले कोरड्या चिऱ्यावर असो. हिशोबच मांडूया. माणसं धरून गाडी १३०० किलो, घाटी आठास एक चढाची धरली तर वर जायला साधारण १६० किलोचा रेटा हवा. शेवाळावरचं चाक ५० किलोला सुटतं धरा, म्हणजे ५० नि ५० मिळून १००, गाडी तिथंच. आता हेलिकल गियरचं एलएसडी, टॉर्सन किंवा क्वाइफ या बनावटीच्या जातीचं, त्याचा बायस, म्हणजे चांगल्या चाकाला किती पट जोर देतं तो आकडा, अडीच असेल तर चांगल्या बाजूला ५० च्या अडीचपट म्हणजे १२५ जातात, एकूण १७५, कशीबशी का होईना गाडी चढते. पण तेच चाक पार हवेत उचललं गेलं तर शून्याची अडीचपट शून्यच, तिथे हेही हात टेकतं.

लॉकरला ही अडचण नाही, तो दोन्ही चाकं एकत्र बांधतो, पण तेच घाटात अंगाशी येतं बघा. ओल्या वळणावर जरा जास्त ॲक्सिलरेटर दाबला गेला तर साध्या डिफरन्शियलला फक्त आतलं चाक सुटतं आणि बाहेरचं चाक गाडीची मागची बाजू धरून ठेवतं, लॉकरमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि शेपूट दरीकडे निघते. वर ऑटोमॅटिक लॉकर वळणात कटकट वाजतो, मध्येच धरतो-सोडतो, स्टिअरिंगला झटका जाणवतो. शिवाय सगळा जोर एकाच हाफशाफ्टवर, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर, येऊ शकतो, आणि तुमचे शाफ्ट पन्नास वर्षं जुने आहेत. बटणाने लागणारा एअर लॉकर एरवी साध्यासारखाच चालतो हे खरं, पण कॉम्प्रेसर, हवेची नळी, हाउसिंगला भोक, हे सगळं खाऱ्या हवेत सांभाळायचं, एका घाटीसाठी मला पटत नाही. प्लेटवालं एलएसडी चालतं पण प्लेटा झिजतात आणि त्याला वेगळं एलएसडीचं ऑइल लागतं, नुसतं नव्वद नंबरचं गियर ऑइल टाकलं तर वळताना कुरकुरतं.

म्हणजे बसवायचंच तर हेलिकल. अँबॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, त्यामुळे एक्सल बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या घराण्यातला, आणि त्याच घराण्यातल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारसाठी क्वाइफचं मिळतं. पण घराणं एक म्हणून डोळे झाकून मागवू नका हां. एक्सल उघडून हाफशाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे टोकाचे दाते, मोजा, कॅरियरच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या घराच्या, बेअरिंगचं माप घ्या, क्राऊनच्या, म्हणजे त्यावरच्या मोठ्या गियरच्या, बोल्टांची जागा जुळवा, मगच पैसे पाठवा. बसवणाऱ्याने क्राऊनच्या दातांना रंग लावून पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गियर, कुठे टेकतोय ते बघितलंच पाहिजे, शिम (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) जमवला नाही तर क्राऊन-पिनियन ओरडायला लागेल आणि तो आवाज मग जात नाही. जुना कॅरियर ग्रीस लावून जपून ठेवा, विकू नका.

आणि हे सगळं करायच्या आधी मे महिन्यातच घाटी तारेच्या ब्रशने घासा, पावसात अधूनमधून ब्लिचिंग टाका, मागचे टायर चांगले आणि दोन्ही एकाच मापाचे घाला. तरी चाक फिरलं तर हँडब्रेक एकदोन दात ओढून हळू ॲक्सिलरेटर द्या. ब्रेकमुळे फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो, गाडी कधीकधी निघते. वर आलात की लगेच सोडा, नाहीतर ड्रम तापतील. एवढ्यावर भागलं तर एक्सल उघडूच नका असं माझं मत, चांगला चालणारा जुना एक्सल उगाच खोलू नये.

प्रश्न : आमची जुनी महिंद्रा जीप हर्णैला वाळूवरनं होडीचा ट्रेलर ओढते. आम्हालाही लॉकर नकोच का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : तुम्हाला हवा. वाळूत सरळ ओढायचं, वेग नाही, तिथे लॉकरच कामाचा. २०१५ च्या थारला महिंद्राने मागे ईटनचं मेकॅनिकल लॉकिंग कंपनीतनंच दिलं होतं, एका चाकाचा वेग फारच वाढला की ते आपोआप धरतं. तुमच्या एक्सलला बसणारं कुठलं मिळतं ते मापं घेऊन शोधा, आणि चढून डांबरी रस्त्याला लागणार असाल तर बंद करता येणाराच घ्या. पण त्याआधी एक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं तोंड, बघा. तापलेला एक्सल खाऱ्या पाण्यात उतरला की हवा आकसते आणि सीलमधनं पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून वर बॉडीपर्यंत न्या, आणि ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.