भट्टीचा धूर वर जायचं सोडून डोळ्यात का येतो?

प्रश्न: सर, घरामागच्या १० बाय १२ च्या शेडमध्ये हौसेखातर दगडी कोळशाची भट्टी बांधलीय, सुऱ्या, कोयंडे, हुक असलं काहीबाही बनवत असतो. भट्टीच्या अडीच फूट वर पत्र्याचा मोठा हूड टांगलाय आणि त्यातून ६ इंची पाईप भिंतीतून बाहेर काढून एल्बो (वळणाचा तुकडा) लावून वर नेलाय. पण पेटवलं की सगळा धूर खोलीत, पंधरा मिनिटांत डोळे लाल. पाईपमध्ये एक्झॉस्ट फॅन बसवला तर काम होईल का?

उत्तर: फॅन राहू द्या. मी पण आधी हेच केलं होतं, अगदी तुमच्यासारखाच ६ इंची पाईप, त्यात फॅन. थोड्याच दिवसांत पात्यांवर काजळीचा थर बसला आणि फॅन घरघरायला लागला, मग एक दिवस अडकलाच, आणि नेमका भट्टी फुल पेटलेली असताना. पाईपमधल्या उष्णतेत साधी मोटर टिकत नाही, आणि लाइट गेली की फॅन बंद पण कोळसा पेटलेलाच.

धुराड्याला ओढ लागते ती गरम हवेमुळे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा हलकी म्हणून वर जाते, जेवढी गरम आणि जेवढा पाईप उंच तेवढी ओढ जास्त. आता तुमचा हूड अडीच फूट वर, म्हणजे धूर तिथं पोचेपर्यंत त्यात खोलीतली गार हवा ढीगभर मिसळलेली असते, सगळं मिळून कोमट होतं आणि एवढा सगळा मामला ६ इंची पाईपमधून जायचा म्हणजे अशक्यच. पाईपचं गणित तर कुणाला पटत नाही पण करून बघा: ६ इंचीचं तोंड २८ चौरस इंच, १० इंचीचं ७८, १२ इंचीचं ११३. व्यास दुप्पट केला की जागा चौपट! घरगुती कोळशाच्या भट्टीला कमीत कमी १० इंची घ्या, जमलं तर १२.

आणि तो वरचा हूड काढूनच टाका. त्याऐवजी भट्टीच्या कडेला उभा पेटीसारखा हूड करा, ज्याचं तोंड जाळाच्या अगदी बाजूला, काही इंचांवरच येईल, याला साइड ड्राफ्ट म्हणतात. तोंड मोठं ठेवायचा मोह होतो, पण पाईपच्या क्षेत्रफळापेक्षा मोठं नको, १० इंची पाईपला साधारण ९ बाय ८ इंच पुरे. तोंड लहान असलं की खोलीतली हवा कमी खेचली जाते आणि पाईप गरम राहतो. नीट जमलं की जाळ आडवा होऊन त्या तोंडात वाकून शिरतो, धूर तर वर उठतच नाही, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लोखंड तापत ठेवलंय हेच विसरलो, टोक जळून गेलं.

पाईप शक्यतो सरळ छतातून वर काढा. ९० अंशांचा एल्बो म्हणजे ओढीला ब्रेकच, वळवावाच लागला तर ४५ अंशांचे दोन लावा. उंचीचा जुना ठोकताळा असा की छतातून बाहेर पडतो तिथून ३ फूट तरी वर आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल (आढं, शेजारची भिंत) त्याच्याहून २ फूट वर, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. छताला लाकूड असेल तर एकेरी पत्र्याचा पाईप त्याच्यापासून १८ इंच तरी लांब हवा, आणि छतातून जातो तिथं दुहेरी भिंतीचा, इन्सुलेशनवाला पाईप वापरा. पावसाची टोपी फार खाली बसवू नका, आणि ठिणग्यांसाठी जाळी लावलीत तर ती काजळीने बुजते, मधूनमधून वर चढून बघायचं.

हूडसाठी आणि पाईपच्या खालच्या भागासाठी काळा पत्रा घ्या, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) नको. जस्त ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि जास्त तापलं की त्याची वाफ होते, ती छातीत गेली तर रात्री थंडी वाजून ताप येतो.

पेटवायच्या आधी एक कागदाची सुरळी पेटवून हूडच्या तोंडात धरा, पाईप जरा गरम झाला की ओढ सुरू होते, मगच कोळसा. नवा कोळसा जाळावर एकदम ओतायचा नाही, कडेला ठेवायचा, तिथं तापून त्यातला धूर हळूहळू निघून जातो आणि कोक (धूर निघून गेलेला कोळसा) झाला की मध्ये सरकवायचा. निम्मा धूर तर इथंच कमी होतो, हे बदल करायच्या आधी आजच करून बघा.

अजून एक, शेडचं दार लावून काम करता का? धुराड्यातून जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यायला वाट पाहिजे. दार उघडल्यावर धूर कमी झाला तर रोग तिथंच आहे. खिडकीतला एक्झॉस्ट चालू असेल तर तो उलटा चिमणीतूनच हवा खेचतो, तो बंद ठेवा.

प्रश्न: मग लाकडी कोळसा वापरला तर? धूरच नाही, चिमणी कशाला?

उत्तर: चिमणी लागतेच. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त दार लावून बसतो, आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) या विषारी वायूला ना रंग ना वास. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की हातातलं तापलेलं लोखंड टाकून आधी बाहेर यायचं. सीओचा अलार्म बसवाच, आणि काम संपल्यावर धुमसती भट्टी ठेवून दार लावून त्या खोलीत थांबू नका. लाकडी कोळशाच्या ठिणग्याही जास्त उडतात, त्यामुळे हूड आणि पाईप वर सांगितला तोच ठेवा, फक्त काजळी कमी होईल.