खोली बघायला जाल तर रात्री दहाला जा

प्रश्न : ताई, माझी मुलगी यंदा पुणे विद्यापीठात एमएस्सीला लागली, पण होस्टेलच्या यादीत नाव आलं नाही. सध्या कॉट बेसिसवर राहतीय, एका खोलीत पाच पोरी, एकीचा फोन संपतो तर दुसरीचा सुरू होतो, अभ्यास कसा होणार. वर्गातली एक मैत्रीण आणि ती मिळून वन आरके (एक खोली आणि किचन) घ्यायचं म्हणतायत, दोघींचं मिळून 12 हजारांच्या वर जमणार नाही. औंध चांगलं म्हणतात पण तिथले आकडे ऐकून आम्ही फोनच ठेवून दिला. शांत आणि विद्यापीठाच्या जवळ असा कोणता एरिया आहे? आम्हाला पुण्यातलं काहीच माहिती नाही.
– एक पालक, परभणी

उत्तर : दादा, फोन ठेवलात ते बरंच केलंत. औंध-बाणेरच्या सोसायट्यांमधली भाडी हिंजवडीच्या आयटीवाल्यांच्या पगारावर ठरतात, वर "बॅचलर नको, फॅमिलीच पाहिजे" ही टेप ऐकावी लागते ती वेगळीच. त्यात सगळी जनता मेन गेटच्या बाजूलाच शोधते, गणेशखिंड रोड, मॉडेल कॉलनी, सेनापती बापट रोड, मग तिथं भाव चढणार नाही तर काय. विद्यापीठाचं आवार चारशे एकरांच्या वर आहे आणि मागं खडकीच्या अंगालाही गेट आहे, हे बाहेरगावच्या माणसाला कोणी सांगत नाही. मुलीचं डिपार्टमेंट कोणत्या गेटला जवळ पडतं ते तिला एकदा चालून बघू द्या, ते गेट रात्री किती वाजता बंद होतं ते वॉचमनला विचारू द्या, मग एरियाचं बघू.

मागच्या बाजूनं जमणार असेल तर खडकी आणि बोपोडी आधी बघा. खडकीत कँटोन्मेंट असल्यामुळं झाडं भरपूर, टॉवर कमी, जुन्या घरांच्या वरच्या मजल्यावर मालक स्वतः खोल्या देतात. लोणावळा लोकल खडकीला थांबते, बोपोडीला 2023 पासून मेट्रो आहे, घरी जायची गाडी धरायची तर शिवाजीनगर लांब नाही. पण जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या आणि रेल्वे रुळांच्या कडेची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. दोन गल्ल्या आत गेलं की आवाज निम्मा होतो.

पुढच्या बाजूनं गोखलेनगर. 1961 ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांना इथं वसवलं, त्यामुळं छोटी घरं, घरमालक शेजारीच राहणारा, आणि संध्याकाळी दारात बसलेल्या चार आज्या, ज्यांना कोण कधी आलं-गेलं सगळं ठाऊक असतं (पोरींना याचा वैताग येतो, आईबापांना बरं वाटतं). टेकडीची बाजू मस्त शांत. मुख्य रस्त्यावर मात्र गणपतीत दहा दिवस अभ्यासाचं नाव काढायचं नाही.

सांगवीत याच पैशात जरा मोठी जागा मिळेल, मुळा नदी ओलांडली की औंध, तिथून विद्यापीठ. पण ऑफिसच्या टायमाला विद्यापीठ चौकात बस अडकली की वाचवलेलं भाडं वेळेत फेडावं लागतं. आणि जुन्या सांगवीत नदीकाठी, मुळानगरच्या बाजूला, तळमजला अजिबात नको, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की तिथं घरात पाणी शिरतं.

आता शांततेचं. मी स्वतः शिकत असताना बोपोडीत एक खोली घेतली होती, मंगळवारी दुपारी बघितली, इतकी शांत की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती, लगेच टोकन देऊन मोकळी झाले. खिडकीखाली पत्र्याची एक बंद शेड होती, मला वाटलं गोडाऊन असेल. ती निघाली मंगल कार्यालयाची जनरेटरची खोली. एप्रिल-मे, म्हणजे ऐन परीक्षेत, लग्नसराई, खाली जनरेटर, समोर बँड, आणि पहाटे चारला भांडी धुवायला घेतलेले आचारी. उशीखाली डोकं घालून मी नोट्स पाठ केल्यात. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की एरियाला शांत-बिंत काही नसतं, खिडकीला असतं, ती कुठं उघडते ते बघा, आणि खोली बघायला रात्री दहाला जा आणि परत एकदा सकाळी सातला जा, सातला पाणी येतं का तेही कळतं. आसपास हॉल, मंडळाचा मांडव, वर्कशॉप, कुत्र्यांना खाऊ घालणारं कोण, सगळं खालच्या किराणावाल्याला विचारा. एजंट हे सांगणार नाही, त्याला एक महिन्याचं भाडं कमिशन हवंय. त्यापेक्षा डिपार्टमेंटच्या सीनियर मुलींना विचारा, पास होऊन निघालेल्यांच्या खोल्या अशाच हातोहात जातात.

करार मात्र पक्का करा. "पोरीच आहेत, कशाला ॲग्रीमेंट" म्हणणारा मालक भेटेलच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह ॲण्ड लायसन्स, म्हणजे आपला भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत लागतं, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसताना वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, एवढं गोड आवाजात ऐकवा. खर्च फार नाही, 11 महिन्यांच्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक, म्हणजे 12 हजारांच्या भाड्याला साधारण 330 रुपये, शहरात नोंदणी फी 1000, वर एजंट जे काही घेईल ते, तिथं घासाघीस करा.

करार असण्याचा अजून एक उपयोग. सरकारी होस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला 60 हजारांपर्यंत मदत मिळते, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना तशीच आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर समाजकल्याण किंवा ओबीसी कल्याणच्या ऑफिसात आधी चौकशी करा, राहत्या जागेचा पुरावा तिथं लागतोच. मिळाली तर तुमच्या 12 हजारांचं गणितच बदलतं.

आणि डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर टाका. चावी घेतानाच मीटरचा आणि भिंतीवरच्या ओलीचा फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपला पाठवून ठेवायला सांगा, नाहीतर सोडताना रंगाचे पैसे पोरींच्या नावावर निघतात.