राष्ट्रीय नेत्यांना चलनातल्या नाण्यांवर स्थान मिळायला हवं का?

माणूस मोठा असेल तर मिळावं की, त्याला माझी ना नाही. मात्र आपल्याकडे ते ज्या घाईने दिलं जातं आणि जे लोक देतात, त्यावर माझा आक्षेप आहे.

साल बघा. नेहरू मे 1964 मध्ये गेले. त्यांचा चेहरा असलेल्या रुपयावर आणि पन्नास पैशांवर सालही 1964 च. इंदिरा गांधींची हत्या ऑक्टोबर 1984 मध्ये झाली, 1985 मध्ये त्यांचं पन्नास पैशांचं आणि ते भलंमोठं पाच रुपयांचं नाणं आलं. राजीव गांधी गेले मे 1991 मध्ये, रुपयावरचं साल 1991. तिन्ही वेळा निर्णय घेणारं सरकार त्यांच्याच पक्षाचं. आता दुसरीकडे बघा. सरदार पटेल 1950 मध्ये गेले, त्यांचं दोन रुपयांचं नाणं 1996 चं. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 1956 चं आणि रुपया 1990 चा, म्हणजे तब्बल 34 वर्षांनी. भारतरत्नसुद्धा त्याच वर्षी. मग थोरवी मोजली कशात, कार्यात की सत्तेत कोण बसलंय त्यात?

हा रोग एकाच पक्षाचा नाही, हेही सांगतो. वाजपेयी ऑगस्ट 2018 मध्ये गेले आणि डिसेंबरात त्यांचं शंभर रुपयांचं नाणं निघालंसुद्धा. अर्थात ते चलनात येतच नाही. टांकसाळ डबीत घालून दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैशांना विकते, हौशी संग्राहक घेतात. एन. टी. रामाराव, करुणानिधी यांचीही अशी नाणी निघाली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याला हवं तो घेईल. चलनातलं नाणं मात्र भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात जातं, तिथे 'मला नको' म्हणायची सोय नसते.

नाण्यावर चेहरा छापायची सवय मुळात राजांची. म्हणून 1950 मध्ये प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली तेव्हा सहाव्या जॉर्जच्या डोक्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कोणा पुढाऱ्याला तिथे बसवलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. आणि आपली शिवराई आठवा. ठिपक्यांच्या वर्तुळात एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. बस्स. चेहरा नाही, मुकुट नाही. स्वतःच्या नावाची टांकसाळ असलेल्या राजाने तो मोह टाळला, आणि तरी ही तांब्याची नाणी पेशवाईतही पाडली जात होती. महाराजांचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणं आपण काढलं ते थेट 1999 मध्ये.

एक व्यवहारातली अडचणही आहे. लोक श्रद्धेचं नाणं खर्च करत नाहीत. आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला गल्ल्यात आलेलं बाबासाहेबांचं नाणं बाजूला काढतो आणि स्वतःच्या खिशातलं साधं नाणं गल्ल्यात टाकतो. ती नाणी तो देव्हाऱ्यात ठेवतो. त्याचं काही चुकतंय असं नाही, पण ते नाणं चलनातून गेलं ते गेलंच. उलट, एकाच किमतीची दहा रूपं झाली की लोक बिचकतात. दहा रुपयांच्या नाण्याचं तेच झालं. दुकानदार 'हे चालत नाही' म्हणू लागले आणि शेवटी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की चौदाही प्रकार वैध आहेत.

माझ्या हातात असतं तर निधनानंतर किमान 25 वर्षं कुणाचंही चलनी नाणं काढायचं नाही, एवढी एकच अट कायद्यात घातली असती. तोवर वीस रुपयांच्या नाण्यावरची धान्याची कणसं मला पुरेशी आहेत.