समुद्राकाठच्या घराचं छप्पर दरवर्षी तपासून घ्यायला हवंच का? खर्च किती येतो?

दरवर्षी. आणि एकदा नाही, दोनदा. 'कशाला उगाच पैशाची नासाडी' असं मनात आलं असेल, तर तुमची माझ्या दादाशी ओळख असणार.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. खिडकीच्या गजांवरून हात फिरवला की बोटं चिकट होतात, इतका खार. वडील होते तोवर वैशाखात शाकारणी ठरलेली. दोन गडी वर, आई खाली कौलं पुसायला, आम्ही पोरं शिडीपाशी. कौल उतरवायचं, चीर गेलेलं बाजूला काढायचं, शेवाळ खरवडायचं, कौलांखालची लाकडी पट्टी, म्हणजे रीप, कोयतीच्या टोकाने टोकरून वाळवी बघायची, पाचोळा झाडायचा आणि कौल परत जागेवर. मला कौलांच्या पाठीवरचे शिक्के वाचायचा नाद. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तिथे कितीतरी कारखाने झाले आणि गलबतांतून ही कौलं आपल्या बंदरांत उतरू लागली. आमच्या माजघरावरची काही आजोबांनी चढवलेली आहेत. अजून ठणठणीत.

वडील गेले आणि दादाचं डोकं चालायला लागलं. तो डोंबिवलीला. गणपतीला यायचं, चार दिवस राहायचं आणि घराचे निर्णय घेऊन जायचं. "दरवर्षी गडी चढवायचे, पाचपन्नास कौलं आणायची, परत वांदर नाचून ती फोडणार. पत्रे टाक, वीस वर्षं वर बघायला नको." वांदरांचं खरंच होतं, म्हणून मी गप्प बसलो. २०१३ साली ओटी आणि पडवीवर निळे पत्रे आले. माजघर कौलारू राहिलं ते काही माझ्या हट्टाने नाही, पैसे संपले म्हणून.

'वर बघायला नको' हे मग आम्ही अगदी तंतोतंत पाळलं. सात वर्षं त्या पत्र्यांवर कोणी चढलं नाही. मीही नाही. त्याचे पत्रे, त्याने बघावेत, असं माझं होतं.

२०२० सालच्या टाळेबंदीत दादा पास काढून २२ मेला गावी आला. चौदा दिवस विलगीकरण, म्हणून मुक्काम पडवीत. ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि लांबून बोलायचं. त्यामुळे ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दादा स्वतःच्याच पत्र्यांखाली कॉटवर होता.

पावळीकडचा, म्हणजे छपराच्या खालच्या कडेचा पत्रा आधी नुसता फडफडत होता, ताशा वाजावा तसा. मग एकदम वर ओढला गेला आणि घरातून आभाळ दिसलं. एक गेल्यावर वारा आत शिरला, बाकीचे पाठोपाठ गेले. दादा उशी कवटाळून माजघरात. त्याचं विलगीकरण बाराव्या दिवशीच संपलं. आईने त्याच्या तोंडाला पंचा बांधून देवाजवळच्या कोपऱ्यात बसवला.

एक पत्रा शेजारच्या वाडीत सापडला, सुपारीला गुंडाळलेला. मी तो उलटा करून बघितला. वरून निळा रंग शाबूत. खालून हुकाच्या भोकाभोवती रुपयाएवढी जागा कुरतडल्यासारखी, बोटाने दाबली की भुगा. समुद्राकाठी पत्रा बहुतेक वेळा वरून जात नाही, खालून जातो. वरचा खार पाऊस धुऊन नेतो. खालच्या बाजूला आणि दोन पत्र्यांच्या जोडात तो बसून राहतो, दमट हवेत ओला होतो आणि लोखंड खात राहतो. हुकांचे नट गंजून फुगलेले, डांबरी वॉशर वाळून चुरा झालेले. वेळेवर एका माणसाने पान्हा घेऊन अर्धा दिवस वर घालवला असता, तर बदलायला फक्त हूक लागले असते.

दादाचं म्हणणं, असलं वादळ शंभर वर्षांतून एकदा. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्यावर त्याने अजून काही म्हटलेलं नाही.

तर तुमचं. पहिली फेरी मिरगाच्या आधी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात. नंतर गडी मिळत नाहीत. दुसरी दिवाळीनंतर, कारण गळतीचे डाग तेव्हा ताजे असतात आणि कुठून गळलं ते घरच्यांना आठवत असतं. पन्हळी साफ करा, छपरावर आलेल्या माडाच्या झावळ्या आणि नारळ उतरवा. पावळीची आणि आढ्यावरची कौलं तारेने बांधून घ्या. मंगलोरी कौलाच्या पाठीला भोक असतं ते त्यासाठीच. साधी तार दोनतीन पावसाळ्यांत गंजते, तांब्याची घ्या.

स्लॅब असेल तर वरचं डांबर बघत बसू नका, खाली छताकडे बघा. सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा फुगलेलं प्लॅस्टर दिसलं तर आत गंज सुरू झालाय. त्यावर नुसता रंग मारणारा कंत्राटदार दारात उभा करू नका.

खर्चाचं नेमकं सांगता येणार नाही, मजुरी गावागणिक वेगळी आणि तुम्ही छप्पर कशाचं ते लिहिलेलंच नाही. आमची शाकारणी मात्र सात वर्षांत मिळून त्या एका दुपारपेक्षा स्वस्त पडली असती.

आता खरं बोलायचं तर माजघरावरची निम्मी कौलंही त्या दिवशी उडाली. पण शाबूत निघाली ती वेचून परत चढवली, पत्रे भंगारात गेले. नीट बांधलेले, दरवर्षी बघितलेले पत्रेही टिकतात, गावात आहेत तशी घरं. आणि स्वतः वर चढू नका. ओल्या कौलावरून पाय सरकतो आणि कौलाच्या मधोमध पाय दिला तर ते फुटतंच. सवयीचा गडी जिथे खाली रीप आहे तिथेच पाय टाकतो.

यंदा मेमध्ये दादा येतोय. शिडी धरायला त्यालाच उभा करणार आहे.