चांदी तीच, मग आकडा एकच का नाही?

प्रश्न : सर, हुपरीत आमचं पैंजणाचं काम हाय. तार पट्टीच्या चार-पाच भोकांतनं ओढली की कडक होतीय, मग तापवून मऊ करायची आन् परत ओढायची. पोरगं मेकॅनिकलला हाय, ते म्हणतंय सॉफ्टवेअरमधी चांदीचा यील्डचा आकडा (किती जोरावर धातू कायमचा वाकाय लागतोय तो) टाकला की तार कवा वाकणार सगळं कळतंय. मला पटंना. चांदी तीच, पण ओढायच्या आधीची आन् नंतरची तार हाताला वेगळी लागतीय. बरोबर कोण?

उत्तर : काका, हात तुमचाच बरोबर. पोरानं आकडा टाकला पण तारेवर आधी काय काय गुदरलं ते टाकलंच नाही. धातूच्या अणूंच्या रांगांत रेषेसारख्या चुकलेल्या जागा असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात, 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी आपापलं स्वतंत्रपणे ते मांडलं. त्या सरकतात म्हणून तार वाकते. पण ओढताना त्या वाढत जातात आणि मग नवरात्रात महाद्वार रोडला गाड्या अडकाव्यात तशा एकमेकींत अडकतात, झाली तार कडक. मऊ धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या रेषा एकापुढं एक जोडल्या तर दहा ते हजार किलोमीटर भरतील, आणि भरपूर ओढलेल्यात दहा लाख किलोमीटरच्या घरात! तापवलं की नवे कण (एकाच दिशेनं रांगा लागलेल्या अणूंचे बारीक गट) तयार होतात आणि ही गर्दी मोडते. जास्त तापवलं तर कण मोठे होतात, मग वाकवताना वर संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत येतं, ते तुम्ही बघितलं असणारच. कण बारीक तेवढा धातू कडक, हे हॉल यांनी 1951 ला आणि पेच यांनी 1953 ला दाखवलं.

म्हणून पोराला सांगा, एक आकडा नको, प्रत्येक ओढीनंतरच्या तुकड्याची टेन्साइल टेस्ट (ताणून बघायची चाचणी) करून किती जोराला किती ताणली याचा अख्खा कर्व्ह टाक. आणि कडी एकदा वाकवून परत उलटी वाकवायची असेल तर वेगळं हार्डनिंग मॉडेल (धातू कसा कडक होत जातो त्याचं गणित) लागतं, कारण उलट्या बाजूला धातू लवकर नमतो, याला बाउशिंगर इफेक्ट म्हणतात.

अजून एक गंमत, 1994 ला तांब्याच्या तारा पिळून बघितल्या तर 12 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तार 170 मायक्रॉनवालीच्या मानानं जवळपास तिप्पट कडक निघाली, नुसतं ताणल्यावर मात्र फारसा फरक नाही. साध्या सूत्रात जाडीचा हिशोबच नसतो, म्हणून मग विकृती, म्हणजे धातूचा आकार किती बदलला ते, तारेत एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत किती झपाट्यानं बदलते तेही धरणारी मॉडेल आली. पण तुमची तार त्या मानानं दोरखंडच, पोरानं आत्ता त्यात शिरू नये.