४०० कुटुंबांचा पाणी-शौचालय सर्व्हे: गावं किती, घरं किती, यादी कुठून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्हा परिषदेचं काम मिळालंय, दोन तालुक्यांत नळजोडणी आणि शौचालय वापर पाहायचाय. आराखडा २० गावं, प्रत्येकी २० घरं. घरं ग्रामसेवक दाखवणार, माहिती गुगल फॉर्ममध्ये भरणार. आणि ४०० घरं पुरतील का?

आधी ४०० कुठून येतात ते बघू. प्रमाण ५० टक्के, विश्वासपातळी ९५ टक्के आणि चूक ५ टक्के धरली की सूत्रातून ३८४ निघतात. त्याचे ४०० करून प्रत्येक प्रस्तावात लिहितात. पण त्या सूत्रात गृहीत असतं की दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या घरांच्या एकाच यादीतून ४०० चिठ्ठ्या उचलल्या. तुम्ही आधी गावं उचलताय आणि मग त्यांतली घरं. पाण्याच्या विषयात हे महाग पडतं, कारण गावची टाकी एक, पंप एक, आणि पंपाचं वीजबिल थकलं तर नळ सगळ्यांचेच कोरडे. पाच घरांत विचारून झालं की उरलेल्या पंधरांचं उत्तर बरंचसं कळलेलं असतं.

हे मोजायचं सूत्र सोपं आहे: १ + (गावातली घरं − १) × घराघरांतलं साम्य (० म्हणजे घरं एकमेकांसारखी अजिबात नाहीत, १ म्हणजे सगळी अगदी सारखी). पाण्यासाठी साम्य ०.३ धरलं तर २० घरांना १ + १९ × ०.३ = ६.७. म्हणजे ४०० भागिले ६.७, जेमतेम ६० घरांइतकी माहिती आणि चूक ± १३ टक्के. तेच ४०० जर ४० गावांत १०-१० वाटले तर भाजक ३.७, म्हणजे १०८ घरांइतकी माहिती आणि चूक ± ९.४. ०.३ हे गृहीतक आहे, तुमच्या भागात कमी-जास्त निघेल, पण दिशा बदलणार नाही. शौचालय वापर घरागणिक जास्त वेगळा असतो. तिथे ०.१ धरलं तर ४० × १० मध्ये चूक ± ६.८ येते. तेव्हा घरं वाढवण्याच्या मागे लागू नका, गावं वाढवा. प्रवासखर्च वाढेल हे खरं, पण अकराव्या ते विसाव्या घरावर खर्च करून फारसं काही हाती येत नाही. आणि तालुकानिहाय आकडे हवे असतील तर प्रत्येक तालुक्याला २०च गावं उरतात, चूक ± १३ वर जाते. हे करारावर सही करण्याआधी जिल्हा परिषदेला लेखी सांगा.

गावं निवडताना घरांच्या संख्येच्या प्रमाणात निवडा. २०११ च्या जनगणनेतली गावनिहाय कुटुंबसंख्या एक्सेलमध्ये घ्या आणि गावं भौगोलिक क्रमाने लावा, म्हणजे डोंगरपट्टा आणि नदीकाठ दोन्ही आपोआप येतात. ४० पेक्षा कमी घरांची गावं शेजारच्या गावाला जोडा. मग पुढच्या रकान्यात बेरीज चढती ठेवा. समजा तालुक्यात २४,००० कुटुंबं आहेत आणि २० गावं हवीत. अंतर झालं १,२००. एक ते १,२०० मधला एक आकडा यादृच्छिक घ्या, समजा ४३७. मग ४३७, १,६३७, २,८३७ असे आकडे ज्या गावांच्या बेरजेत पडतील ती गावं तुमची. मोठं गाव दोनदा आलं तर दोनदा घ्या, म्हणजे तिथे २० घरं. लांब पडतं, रस्ता खराब आहे म्हणून गाव बदलू नका. नेमकी तीच गावं पाण्यावाचून असतात.

आता यादी, म्हणजे तुमच्या कामातली खरी मोठी बाब. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मिळेल, पण ती कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात मिळकती असतात, कुटुंबं नसतात. एका घरात दोन भावांच्या दोन चुली असतील तरी मिळकत एकच. मुंबईला गेलेल्याचं कुलूपबंद घर यादीत आहे, आणि गायरानातल्या अतिक्रमणातली घरं, वीटभट्टीवरची पालं, गावठाणापासून दोन किलोमीटरवरची कातकरवाडी यांतलं बरंच काही नाही. मतदारयादीचीही हीच गत. म्हणून घरयादी स्वतः करा: दोन माणसं, एक हातनकाशा, गावठाणातून सुरुवात आणि मग नाव घेऊन प्रत्येक वाडी, वस्ती, पाडा. 'अजून कुठे कोण राहतं?' हा प्रश्न आशाताईंना विचारा, त्यांना उंबरा न् उंबरा माहीत असतो. दोनेकशे घरांना एक दिवस लागतो. ३०० च्या वरच्या गावाचे १०० ते १५० घरांचे भाग पाडून एक भाग चिठ्ठीने निवडायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही मोठ्या गावांचे असेच भाग पाडतात.

यादीत १८७ कुटुंबं निघाली आणि १० हवीत तर अंतर १८.७. सुरुवात समजा ६.२, मग ७वं, २५वं, ४४वं घर, याप्रमाणे. हे आकडे तुमच्या कार्यालयातून काढून द्या, गावात उभ्या असलेल्या अन्वेषकाकडून नको. घर बंद असेल तर तीन वेळा जायचं, वेगवेगळ्या वेळी. शेजारचं घर घ्यायचं नाही. जे दिवसभर घरी सापडतात ते मजुरीला जाणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात, आणि तेच घेत गेलात तर सर्व्हेत गाव जरा सुखवस्तू दिसू लागतं. यादी करायला खरंच पैसे नसतील तर 'असर' या शालेय शिक्षणाच्या सर्व्हेची पद्धत हा दुय्यम पर्याय: गावाचे चार भाग, प्रत्येक भागात मध्यापासून डाव्या हाताने दर पाचवं घर. ती चालते, पण लांबच्या वस्त्या तिच्यात सहज सुटतात.

ग्रामसेवक घरं दाखवणार, हे मात्र आजच थांबवा. ते वाईट आहेत म्हणून नाही. अनुदानाचा कागद ज्याच्या हातात तो दारात उभा असताना 'शौचालय वापरता का' याला कोण नाही म्हणेल? मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं पत्र गटविकास अधिकाऱ्यांमार्फत ग्रामपंचायतीला पाठवा, पहिल्या दिवशी सरपंच-ग्रामसेवकांना भेटा, आणि पुढे त्यांनी सोबत यायचं नाही असं त्याच पत्रात लिहून घ्या.

प्रश्नांच्या क्रमाचंही तसंच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७६वी फेरी, जुलै ते डिसेंबर २०१८, हिच्यात ग्रामीण भागातल्या ७१.३ टक्के कुटुंबांना शौचालय उपलब्ध निघालं. सरकारी योजनेचा लाभ मिळाला का हा प्रश्न शौचालयाच्या प्रश्नाआधी विचारला होता, त्यामुळे उत्तरं एका बाजूला झुकलेली असू शकतात, असं त्या अहवालातच नोंदवलंय. 'नाही' म्हटलं तर लाभ मिळेल असं वाटलं की माणूस नाही म्हणतो. म्हणून लाभाचे प्रश्न अगदी शेवटी. आणि 'तुमचं कुटुंब शौचालय वापरतं का' असं कधीही विचारू नका, त्यात म्हातारे आजोबा लपतात. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा: काल सकाळी हे कुठे गेले होते? शौचालयात पाण्याची बादली आहे का, की आत सरपण रचलंय, हे अन्वेषकाने परवानगी घेऊन डोळ्यांनी पाहायचं.

पाण्याचे प्रश्न पाणी भरणाऱ्या बाईला, स्त्री अन्वेषकाने. 'नळ आहे का' पुरेसं नाही. गेल्या सात दिवसांत किती दिवस आलं, किती वेळ, आणि शेवटच्या वेळी किती हंडे भरले? हंडा किती लिटरचा हे मापाने पाहा, डोळ्यांचा अंदाज फसतो. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे, म्हणजे पाच माणसांना २७५. हंडा १५ लिटरचा भरला तर अठरा-एकोणीस हंडे. आदल्या दिवशी पाणी किती वाजता येतं ते विचारून ठेवा आणि एक टीम त्या वेळी गावात ठेवा. क्लोरीन पाहायचं तर ओटी टेस्ट (थेंब टाकून रंग पाहायची चाचणी) नळाच्या तोंडाशी करा, साठवलेल्या पाण्यातून क्लोरीन उडून गेलेलं असतं.

महिना कुठला हे तर करारातच यायला हवं. ऑक्टोबरात विहिरी भरलेल्या असतात, तेव्हाचा आकडा एप्रिलच्या टंचाईबद्दल काही सांगत नाही. पण फेब्रुवारीत बीडकडच्या गावांत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नसतात, आणि पालघरकडे कातकरी भट्ट्यांवर असतात. टंचाई मोजायची तर मे बरा: तोडणी संपलेली असते, भट्ट्याही बंद होत आलेल्या असतात. दोन फेऱ्या परवडल्या तर उत्तमच.

गुगल फॉर्म सोडा, रेंज नसलेल्या वाडीत तो अडतो. कोबो किंवा ओडीके ही सर्व्हेची मोबाइल अ‍ॅप ऑफलाइन चालतात, मराठीत फॉर्म बनतो आणि लागू नसलेले प्रश्न आपोआप गाळले जातात. दर संध्याकाळी पर्यवेक्षकाने मुलाखतीला लागलेली मिनिटं पाहावीत. २५ मिनिटांची प्रश्नावली ९ मिनिटांत होत असेल तर ती झाडाखाली भरली आहे. १० टक्के घरांत दुसऱ्या माणसाने जाऊन न बदलणारे चार-पाच प्रश्न पुन्हा विचारायचे: माणसं किती, नळ आहे का, कालपरवा कोणी येऊन बोललं का. आधार क्रमांक घेऊ नका, कशालाच लागत नाही. नावं आणि मोबाइल नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती जिल्हा परिषदेला देऊ नका.

विश्लेषणात वजन लावायला विसरू नका, म्हणजे नमुन्यातलं एक घर तालुक्यातल्या किती घरांच्या वतीने बोलतं तो आकडा. वरच्या उदाहरणात जनगणनेची संख्या आणि आजची यादी जुळली तर प्रत्येक घराचं वजन १२०. जनगणनेत १५० होती आणि यादीत १८७ निघाली, तर १२० × १८७ ÷ १५०, म्हणजे सुमारे १५०. दोनदा आलेल्या गावालाही हेच सूत्र. चूक काढताना गाव हे क्लस्टर (एकत्र निवडलेल्या घरांचा गट) म्हणून सॉफ्टवेअरला सांगा, साध्या एक्सेलची चूक खोटी लहान येते.

अहवाल दिला की जिल्हा परिषद गावनिहाय टक्केवारी मागेलच. १० घरांत एक घर म्हणजे १० टक्के, तेव्हा असा तक्ता देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. त्याऐवजी ४० गावांची पाहणी-नोंद द्या: टाकी केव्हा धुतली, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर शिल्लक आहे का, पंप चालू आहे का, कुठली वाडी जोडणीबाहेर आहे. ही माहिती प्रत्यक्ष पाहून घेतलेली आहे, टक्केवारीची नाही, आणि उपअभियंत्याला ती दुसऱ्या दिवशी वापरता येते.